मालवणी मुलुखांतील मनाचे आधार

हाड मोडलें तर तें कोण बसवितो, हें गांवांतल्या लहान मुलालाहि ठाऊक असतें. ताप आला तर काढा कोणाचा घ्यावा, विंचू चावला तर कोणाकडे धांवावें, याचीहि माहिती घरोघर असते. परंतु मन मोडलें म्हणजे कोठें जावें, हा प्रश्न पूर्वींहि अवघड होता आणि आजहि तो सोपा झालेला नाहीं. अपत्यशोक, वैधव्य, परीक्षेंतील किंवा धंद्यांतील अपयश, परगांवीं गेलेल्या माणसाची न येणारी चिठ्ठी, अशा दुःखांना रक्त नसतें, सूज नसते. त्यामुळें तें दुखणें आहे हेंच पुष्कळदां मान्य होत नाहीं. तरीसुद्धां प्रत्येक पिढीनें अशा दुःखावर कांहींतरी उपाय शोधलेला आहे. राजांच्या लढायांचा इतिहास लिहिला जातो; या शोधाचा इतिहास मात्र क्वचितच कोणी सांगतो.

विजयदुर्गापासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरलेला मालवणी मुलूख या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. १ मे १९८१ रोजीं जुन्या रत्नागिरी जिल्ह्यांतून हा भाग वेगळा काढण्यांत आला आणि मालवणच्या पाण्यांत शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं बांधावयास घेतलेल्या किल्ल्याचें नांव त्या नव्या जिल्ह्यास मिळालें. जमीन थोडी, पाऊस पुष्कळ, समोर समुद्र आणि कमाईसाठीं मुंबईची वाट, अशी येथील संसाराची शेंकडों वर्षांची घडण. घरचा कर्ता पुरुष मुंबईस चाकरमानी, घरीं म्हातारीं माणसें, मुलें आणि एकटी बाई, हें चित्र गिरण्यांच्या काळांत घराघरांतून दिसे. मासेमारीस गेलेला माणूस संध्याकाळीं परत येईलच असा भरंवसा नसे. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशीं ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी कोंकणच्या समुद्रांत बुडाल्या. अशा अपघातांत कित्येकांचीं प्रेतेंहि हातीं लागत नाहींत, आणि ज्याला अग्नि देतां आला नाहीं त्याचा शोक आवरावा कसा, हें घरच्यांना कळत नाहीं. अशा मुलुखांत मनाला आधार देणाऱ्या रीती निर्माण झाल्या नसत्या तरच नवल.

त्यांतली सर्वांत जुनी रीत म्हणजे गाऱ्हाणें. गांवच्या देवळांत, मग तें रवळनाथाचें असो, सातेरीचें असो वा वेतोबाचें असो, गांवकर, मानकरी किंवा गुरव देवासमोर नारळ घेऊन उभा राहतो आणि मालवणी बोलींत मोठ्यानें देवाला हांक घालतो. ही प्रार्थना संस्कृत स्तोत्रासारखी ठराविक नसते. अमक्या घरच्या लेकराला बरें नाहीं, अमक्याच्या हाताला यश नाहीं, तमकीची चाकरीवर गेलेल्या मुलाशीं गांठ पडत नाहीं, तें सारें तूं मनावर घे आणि वाट दाखव, अशा अर्थाचें तें बोलणें असतें. प्रत्येक वाक्य संपलें कीं भोंवतालीं उभे असलेले लोक एका सुरांत ‘होय महाराजा’ म्हणतात.

या रीतीचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. दुःखी माणसाला स्वतः बोलावें लागत नाहीं. त्याच्यावतीं दुसरा बोलतो. त्याचें दुःख चारचौघांत उच्चारलें जातें, पण चव्हाट्यावर मांडलें जात नाहीं, कारण ऐकणारा देव मानलेला असतो आणि माणसें केवळ साक्षीदार. आणि त्या ‘होय महाराजा’नें गांव एवढेंच सांगतो कीं, तुझें दुःख खरें आहे, तें आम्हीं ऐकलें. आजचे मनोवैज्ञानिक आणि समुपदेशक ज्या पहिल्या पायरीस फार महत्त्व देतात, ती पायरी हीच : दुःख बोलून दाखविलें जाणें आणि तें कोणी मन लावून, दोष न देतां ऐकणें. आरवलीच्या वेतोबाला भाविक केळ्यांचे घड आणि मोठमोठ्या चपला वाहतात, त्यामागेंहि हीच भावना आहे. हा देव रात्रीं गांवाच्या रक्षणासाठीं फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. कोणीतरी आपल्यासाठीं जागा आहे, ही खात्री एकट्या माणसाला झोंप देते.

तथापि या रीतीची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरोबर होणार नाहीं. देवळाचा सभामंडप सर्वांना सारखा मोकळा नव्हता. ज्यांना अस्पृश्य मानलें गेलें त्यांना आपलें गाऱ्हाणें दारांतून आंत नेतां येत नव्हतें. विटाळाच्या कल्पनेमुळें बायकांनाहि कित्येक दिवस दूर राहावें लागे. म्हणजे ज्यांचें दुःख सर्वांत मोठें त्यांच्यासाठीं ‘होय महाराजा’ म्हणणारा कोणी नसे. शिवाय कौल लावण्याच्या रीतीचाहि प्रश्न होता. मूर्तीला वा पाषाणाला चिकटविलेला कळा उजवीकडून पडला कीं डावीकडून, यावरून निर्णय घेण्यांत एक सोय होती. संशयानें कुरतडलेल्या मनाला निश्चित उत्तर मिळे आणि माणूस कामाला लागे. पण तेंच उत्तर जेव्हां ‘अमक्यानें तुझ्यावर देवस्की केली’ असें येई, तेव्हां दुःख हलकें होण्याऐवजीं दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्यांचें वैर उभें राही. दुःख सांगावयास गेलेला माणूस भय घेऊन परत येई. त्या भयाचा धंदा करणारे भगत कोंकणांत निपजले तसे सगळ्या देशांत निपजले.

बायकांनीं या दोन्ही वाटांच्या बाहेर आपली एक वाट शोधून काढली होती. पहांटे जात्यावर बसून ओवी म्हणणें हें केवळ श्रम हलके करण्याचें साधन नव्हतें. सासरचा जाच, माहेरची आठवण, गेलेल्या लेकराचें नांव, नवऱ्याची उपेक्षा, हें सारें ओवींत येई. जात्याच्या घरघरीमुळें तें बाहेरच्या कोणाला धड ऐकूं जात नसे आणि समोर दुसरा खुंटा धरून बसलेलीला मात्र स्पष्ट ऐकूं येई. साने गुरुजींनीं ‘स्त्री जीवन’ या ग्रंथांत अशा ओव्यांचा मोठा संग्रह केला. त्या ओव्या शिकविणारी शाळा कोठेंच नव्हती. आजीकडून नातीकडे, जावेकडून जावेकडे त्या जात. दुःख भोगून पार पडलेल्या बाईचे शब्द नव्या दुःखांत पडलेल्या बाईला उपयोगी पडत. आपल्या आधीं दुसरी कोणी येथून गेली आहे, हें कळणें हाच त्यांतला मोठा दिलासा.

अठराव्या शतकांत याच मुलुखानें एक निराळ्या प्रकारचा साधक पाहिला. सावंतवाडी संस्थानांतील बांदें या गांवीं १७१४ सालीं जन्मलेले सोहिरोबानाथ आंबिये हे वंशपरंपरेनें कुलकर्णी. हिशेब, वसुली, दरबारची ये-जा, हें त्यांचें नित्याचें काम. परंपरा अशी सांगते कीं, दरबाराच्या बोलावण्यावरून सावंतवाडीस जात असतां इन्सुलीच्या रानांत ते विश्रांतीसाठीं थांबले व जवळचा फणस फोडून खाऊं लागले. तोंच एक योगी तेथें प्रकट झाला आणि त्यानें आपला वांटा मागितला. सोहिरोबांनीं त्याला फणसाचे गरे दिले आणि त्यानें त्यांना उपदेश केला. भाविक त्या योग्यास गहिनीनाथ मानतात. त्यानंतर सोहिरोबांचें मन कुलकर्णीपणांत रमलें नाहीं.

या कथेंतील चमत्कार बाजूला ठेवला तरी मागें जें उरतें तें महत्त्वाचें आहे. सोहिरोबा आपल्या अनुभवावर थांबले नाहींत. त्यांनीं तो शब्दांत मांडला. ‘महदनुभवेश्वरी’, ‘अक्षयबोध’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अद्वयानंद’ आणि ‘सिद्धांतसंहिता’ हे ग्रंथ व पुष्कळ पदें त्यांच्या नांवावर आहेत. पदें त्यांच्या मुखांतून निघत आणि बहीण तीं उतरून घेई, असेंहि परंपरा सांगते. घरांतच एक विश्वासू माणूस, जें बोललें जाईल तें जपून ठेवणारें, हा सोहिरोबांचा पहिला आधार. उतारवयांत ते उत्तरेस गेले. मूळचे पेडण्याकडील जिवबादादा बक्षी हे महादजी शिंद्यांचे सेनानी होते. त्यांच्यामुळें ग्वाल्हेरीस महादजींची भेट झाली. परंतु दरबारच्या आश्रयाची आपणांस गरज नाहीं, असें त्यांनीं एका हिंदी पदांत रोखठोक सांगितलें आणि ते पुढें निघून गेले. १७९२ सालीं उज्जैनीस ते दिसेनासे झाले. ज्याला दुसऱ्याच्या मनाला वाट दाखवावयाची आहे त्यानें धन आणि सत्ता यांपासून अंतर राखलें पाहिजे, हा धडा त्या नकारांत आहे.

सोहिरोबांच्या आधीं एका शतकापूर्वीं समर्थ रामदासांनीं २०५ श्लोकांत मनाशींच बोलण्याची रीत महाराष्ट्राला घालून दिली होती. ‘मनाचे श्लोक’ या नांवानें ते घराघरांत पाठ झाले. त्यांचा उपयोग धर्माचरणासाठीं झाला हें खरें. पण आपल्या विचारांना आपणच समजावतां येतें, दटावतां येतें, वळवितां येतें, ही कल्पना त्यांच्यामुळें अशिक्षितांच्याहि अंगवळणीं पडली. अमेरिकेंत आल्बर्ट एलिस यांनीं १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची जी पद्धति मांडली, तिचा पाया हाच आहे कीं, माणसाला घटनेपेक्षां घटनेविषयींचा त्याचा विचार अधिक छळतो. हें सूत्र आपण एपिक्टेटस या प्राचीन तत्त्ववेत्त्याकडून घेतलें, असें एलिस स्वतः सांगत. निरनिराळ्या देशांतील माणसें एकाच विहिरीवर निरनिराळ्या वाटांनीं येऊन पोंचतात, याचें हें एक उदाहरण.

एकोणिसाव्या शतकांत या जुन्या वाटांत एका नव्या वाटेची भर पडली. ती म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. रत्नागिरीस १८२८ सालींच नगर वाचनालय निघालें होतें. सावंतवाडीस १८५२ सालीं ज्या ग्रंथालयाचा आरंभ झाला तें पुढें श्रीराम वाचन मंदिर म्हणून नांवारूपास आलें. आरंभीं या संस्था मूठभर शिकलेल्या पुरुषांच्या होत्या. वर्गणी परवडत नसलेला शेतकरी किंवा घराबाहेर न पडणारी बाई तेथें जाऊं शकत नव्हती. तरीहि ग्रंथालयानें एक गोष्ट प्रथमच शक्य केली. आपलें दुःख कोणालाहि न सांगतां, कोणाच्याहि पायां न पडतां, त्याच दुःखावर दुसऱ्यानें काय लिहिलें आहे तें माणसाला वाचतां येऊं लागलें. पुस्तक कोणाचें गुपित फोडीत नाहीं आणि दक्षिणाहि मागत नाहीं.

या नव्या वाटेनें चाललेल्या एका माणसाची हकीकत याच मुलुखांत घडली. विष्णु सखाराम खांडेकर यांचा जन्म १८९८ सालीं सांगलीस झाला. कोंवळ्या वयांतच पितृछत्र गेलें. १९१३ सालीं ते मॅट्रिक झाले आणि पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गेले. तेथें राम गणेश गडकऱ्यांसारख्यांचा सहवास लाभला. साहित्यिक होण्याचीं स्वप्नें पडूं लागलीं. इतक्यांत १९१६ सालीं सावंतवाडीनजीकच्या नानेली गांवच्या चुलत्यांनीं त्यांना दत्तक घेतलें. गणेश आत्माराम हें नांव जाऊन विष्णु सखाराम झालें, आणि कॉलेजचें शिक्षण सुटलें. पदवी नाहीं, प्रकृति मलेरियानें पोखरलेली, जन्माचें नांवहि बदललेलें, आणि ज्या घरांत आणून सोडलें तें घर परकें. अठराव्या वर्षीं एखाद्या तरुणाचें मन मोडावयास याहून अधिक काय लागतें?

योगायोग असा कीं, ज्या १९१६ सालीं हा तरुण कोंकणांत येऊन पडला, त्याच सालीं अमेरिकेंत सॅम्युअल क्रॉथर्स या लेखकानें ‘बिब्लिओथेरपी’, म्हणजे ग्रंथांच्याद्वारें उपचार, हा शब्द एका मासिकांतील लेखांत वापरला. खांडेकरांनीं तो शब्द तेव्हां ऐकला असण्याचा संभव नाहीं. पण त्यांच्या हातीं जें औषध होतें तें हेंच. त्यांनीं वाचन सोडलें नाहीं, लेखन सोडलें नाहीं. मात्र नुसत्या वाचनानें त्यांना पूर्ण आधार मिळाला, असें म्हणतां येणार नाहीं. १९२० सालीं ते वेंगुर्लें तालुक्यांतील शिरोडें या खेड्यांत इंग्रजी शाळेवर शिक्षक म्हणून गेले, आणि त्यांच्या आयुष्याला खरें वळण तेथें मिळालें.

शिरोड्यास मोठा पगार नव्हता, मानमरातब नव्हता. परंतु अ. वि. बावडेकरांसारखे शाळेसाठीं झिजणारे सहकारी होते, शिकण्यासाठीं धडपडणारीं गरिबांचीं मुलें होतीं, मिठागरांत राबणारे मजूर होते. स्वतःच्या दुःखाकडे टक लावून बसलेल्या माणसाला दुसऱ्याचें दुःख दिसूं लागलें. सावंतवाडीहून १९२४ सालीं निघालेल्या ‘वैनतेय’ साप्ताहिकांत ते सातत्यानें लिहूं लागले. १९३० च्या मे महिन्यांत शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तो त्यांच्या डोळ्यांदेखत. त्याच वर्षीं त्यांची ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. १९३८ सालीं ते कोल्हापुरास गेले तेव्हां शिरोड्याचीं अठरा वर्षें त्यांच्या गांठीं होतीं. पुढें ‘ययाति’ला १९७४ सालचें ज्ञानपीठ पारितोषिक लाभलें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांच्या १९६७ सालच्या ‘अमृतवेल’ या कादंबरींत, विमानाच्या अपघातांत आपला नियोजित वर गमावलेली एक मुलगी शोकांतून हळूहळू कशी वर येते, याची कथा आहे. त्यांत वडिलांनीं मुलीला लिहिलेलें एक पत्र आहे. तें महाराष्ट्रांतील कित्येक शोकग्रस्त घरांतून आजहि वाचलें जातें. कॉलेज सोडून आलेल्या त्या तरुणाला जो आधार शोधावा लागला, तोच पुढें त्यानें इतरांसाठीं लिहून ठेवला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

कांहीं दुःखें मात्र अशीं असतात कीं कादंबरींतहि त्यांचा उच्चार होत नाहीं. नवराबायकोमधील अडचणी, शरीराविषयींचें भय आणि लाज, यांवर बोलण्याची चोरी होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं मुंबईस ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलें आणि त्यांत वाचकांच्या अशा प्रश्नांना शास्त्राच्या आधारें, स्पष्ट शब्दांत उत्तरें दिलीं. त्यासाठीं त्यांच्यावर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यांची बाजू मांडली. कर्व्यांना दंड झाला, तरी १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं मासिक चालविलें. टपालानें येणाऱ्या त्या पातळ अंकानें कित्येकांच्या मनावरचें ओझें उतरविलें असेल, याचा हिशेब कोठेंहि मांडलेला नाहीं.

येथपर्यंत मनाच्या दुःखाची गोष्ट झाली. मनाचा रोग ही त्याहून वेगळी आणि अधिक कठीण बाब. ज्याला भास होतात, जो रात्ररात्र झोंपत नाहीं, जो जीव देण्याची भाषा करतो, त्याला ओवी आणि ग्रंथ पुरे पडत नाहींत. ब्रिटिश अमदानींत अशांसाठीं सरकारनें इस्पितळें काढलीं. कोंकणासाठीं रत्नागिरीस १८८६ सालीं असें इस्पितळ स्थापन झालें. परंतु १८५८ चा कायदा आणि त्यानंतरचा १९१२ चा कायदा, या दोहोंचाहि रोख उपचारापेक्षां बंदोबस्ताकडे होता. वेड्याला मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानें आंत ठेवावयाचें, म्हणजे बाहेरच्यांना उपद्रव नको, असा तो विचार. १९२० सालीं ‘असायलम’ हें नांव जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ हें नांव आलें. पण लोकांच्या मनांतील भीति नांवाबरोबर गेली नाहीं. ‘रत्नागिरीस पाठवावयास हवा’ हें वाक्य कोंकणांत कित्येक वर्षें थट्टेचें आणि शिवीचें वाक्य होऊन राहिलें. ज्या दाराचें नांव शिवी म्हणून घेतलें जातें, त्या दारांत माणूस आपण होऊन कसा जाणार? मग तो भगताकडे जाई, नाहींतर माळ्यावर बांधून ठेवला जाई.

औषधांचा इतिहासहि येथें सांगितला पाहिजे. सह्याद्रीच्या रानांत सांपडणारी सर्पगंधा आपल्या वैद्यांना पूर्वींपासून माहीत होती. १९३१ सालीं कलकत्त्यास गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोन वैद्यांनीं उन्मादावर व रक्तदाबावर तिचा गुण येतो, असें शास्त्रीय लेखांत मांडलें. १९५२ सालीं तिच्यांतील रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. त्याच सुमारास फ्रान्समध्यें क्लोरप्रोमाझीनचा वापर सुरू झाला आणि मनोरुग्णालयांचें स्वरूप जगभर पालटूं लागलें. पुढें असेंहि आढळून आलें कीं, रेसर्पिननें कांहीं रोग्यांत उलट खिन्नता येते. एकाला शांत करणारें मूळ दुसऱ्याला उदास करूं शकतें. म्हणूनच शेजाऱ्यानें सुचविलेलें औषध घेण्यांत धोका असतो आणि रोगी तपासून मात्रा ठरविणाऱ्या जाणत्याची गरज असते.

विश्वास चुकीच्या जागीं ठेवला तर काय होतें, याचें भीषण उदाहरण ६ ऑगस्ट २००१ रोजीं तमिळनाडूंतील एरवाडी येथें घडलें. दर्ग्याच्या परिसरांतील एका खासगी आश्रयस्थानाला पहांटे आग लागली. तेथें ठेवलेल्या मनोरुग्णांना साखळ्यांनीं बांधलेलें होतें. त्यांना पळतां आलें नाहीं, आणि २८ जण मरण पावले. त्यांच्या घरच्यांनीं त्यांना तेथें मारावयास पाठविलेलें नव्हतें. बरे व्हावेत म्हणूनच पाठविलें होतें. या घटनेची दखल सर्वोच्च न्यायालयानें आपण होऊन घेतली. महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें, साखळीनें बांधणें हा त्यानें गुन्हा ठरविला. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें त्यापुढचें पाऊल टाकलें. रुग्णाला साखळदंड घालण्यास मनाई झाली; उपचार मिळण्याचा हक्क आणि आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क मिळाला; जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस गुन्हेगार नसून तीव्र ताणाखालीं होता, असें गृहीत धरावें, असें कायद्यानें सांगितलें. १८५८ पासून २०१७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १६० वर्षांत, कायद्याची नजर बंदोबस्ताकडून माणसाकडे वळली.

दरम्यान महाराष्ट्रांत लोकांनींहि आपणहून संस्था उभ्या केल्या. १९८६ सालीं पुण्यास डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनीं व्यसनाधीनांसाठीं ‘मुक्तांगण’ काढलें, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचें त्याला साहाय्य होतें. व्यसनांतून बाहेर पडलेला माणूसच तेथें नव्या रुग्णाला हात देतो, ही त्या संस्थेची रीत जात्यावरच्या ओवीशीं नातें सांगते. १९९० सालीं ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं मानसिक आरोग्यासाठीं संस्था स्थापन केली आणि उपचाराबरोबर शिक्षण हें तिचें काम मानलें. केंद्र सरकारचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम १९८२ सालचा. १९९६ पासून तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेण्याचें काम सुरू झालें. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीची सेवा सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरविला असतां दिवसारात्रीं केव्हांहि, मराठींत सुद्धां, विनामूल्य बोलतां येतें. ज्याला तालुक्याच्या गांवीं जाण्यास लाज वाटते किंवा एस. टी. चे पैसे नाहींत, त्याच्या घरांत हा आधार येऊन पोंचला आहे.

इतक्या वाटा असतां आजच्या माणसाची अडचण उलट झाली आहे. पूर्वीं आधार थोडे होते; आतां आधार देऊं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतला खरा कोणता हें कळत नाहीं. मालवणी मुलुखाच्या या इतिहासांतून कांहीं कसोट्या मात्र स्पष्टपणें हातीं लागतात. पहिली अशी कीं, खरा आधार ऐकून घेतो आणि दुसऱ्या कोणाला वैरी ठरवून देत नाहीं. गाऱ्हाण्यानें मन हलकें होई. देवस्कीच्या संशयानें तें जड होई. दुसरी अशी कीं, खरा आधार शिकवितो. ओवी, श्लोक, ग्रंथ, मासिक, यांतून माणसाच्या हातीं कांहींतरी येई आणि तें त्याला घरीं नेतां येई; जो सर्व किल्ल्या आपल्याच कमरेला ठेवतो त्याच्यापासून सावध राहावें. तिसरी कसोटी पैशाची आणि सत्तेची. वाजवी मोबदला घेणें वेगळें आणि दुःखाच्या मापानें दर वाढविणें वेगळें. सोहिरोबांनीं ग्वाल्हेरीस जें नाकारलें तें आठवावें. चौथी, आणि आजच्या काळांत सर्वांत महत्त्वाची : खरा आधार दुसऱ्या आधाराची वाट अडवीत नाहीं. देवाला नारळ ठेवून डॉक्टरकडे जा म्हणणारा गुरव विश्वासू. डॉक्टरच्या गोळ्या समुद्रांत टाक म्हणणारा, मग तो कोणत्याहि वेषांत असो, विश्वासू नव्हे.

आणखी एक गोष्ट घरांतील वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बहुतेक दुःखी माणसें प्रथम देवळांत जात नाहींत, ग्रंथालयांत जात नाहींत किंवा डॉक्टरकडेहि जात नाहींत. तीं प्रथम घरांतल्याच कोणाजवळ अर्धवट कांहींतरी बोलतात : ‘झोंप येत नाहीं’, ‘कशांत मन लागत नाहीं’, ‘आतां पुरे झालें’. त्या अर्धवट वाक्याला मिळालेल्या उत्तरावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. ‘एवढ्यानें काय होतें’ असें उत्तर आलें कीं तें तोंड पुन्हां उघडत नाहीं. देवळांतले गांवकर अशा वेळीं वाद घालीत नसत, उपदेश करीत नसत आणि कारणेंहि विचारीत नसत. ते आधीं ‘होय महाराजा’ म्हणत, आणि पुढचा विचार मागाहून करीत.